४५ने केलेला घात: बायनरी शिकवताना झालेल्या घोळाचं प्रकरण

तालुक्याच्या गावी माझा छोटा क्लास आहे. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, डिप्लोमाची आणि बीसीएची पहिल्या वर्षाची पोरं येतात, जवळजवळ सगळी मराठी मीडियमची. या बॅचला ३१ जण होते. नंबर सिस्टिम हा धडा मी दरवर्षी चार दिवसात उरकतो, म्हणजे उरकायचो, कारण मला तो सोप्पा वाटायचा. दशमान, द्विमान (बायनरी, म्हणजे नुसत्या ० आणि १ ने आकडा लिहायचा), अष्टमान (ऑक्टल, आठ अंकांचं), षोडशमान (हेक्स, सोळा अंकांचं), एकातून दुसऱ्यात रूपांतर, दोन टेस्ट, की पुढचा धडा. यंदा तो चार दिवसांचा धडा अकरा दिवस चालला आणि त्याला कारण मीच, ते कसं ते सविस्तर लिहितोय कारण शिकवणाऱ्या बाकीच्यांनीही हीच माती खाल्ली असणार असा माझा दाट संशय आहे.

पद्धत नेहमीचीच होती. फळ्यावर आकडा लिहायचा, दोनने भागत सुटायचं, बाकी उजवीकडे मांडायची, शून्य आलं की थांबायचं आणि बाकी खालून वर वाचायची. पोरांना हे आवडतं, कारण भागाकार येतो आणि रेसिपी पाठ होते. फळ्यावर मी ५, ९ आणि २१ करून दाखवले. दुसऱ्या दिवशी छोटी टेस्ट, त्यात २७ आणि ४५. एकोणतीस जणांचं सगळं बरोबर आलं. मी खूश, पोरं खूश, एकाने तर विचारलं की सर एवढंच असतं का बायनरी.

चौथ्या दिवशी दुसरी टेस्ट. त्यात २६ होता. बरोबर उत्तर ११०१०. चौदा जणांनी लिहिलं ०१०११. दोघांनी लिहिलं १०१०. एकाने पान कोरं सोडलं. म्हणजे परवा ज्यांचं सगळं बरोबर होतं त्यातल्या निम्म्यांची दांडी गुल.

पहिल्यांदा मला वाटलं की एकाने उलटं लिहिलं आणि बाकीच्यांनी त्याची कॉपी मारली. पण ती चौदा जणं वेगवेगळ्या बाकांवर होती, मुलीपण, मुलंपण. मग मी जरा जास्तच हुशारी केली, म्हटलं हा आपल्या मराठीचा प्रताप असेल. आपण सव्वीस म्हणतो तेव्हा सहा आधी आणि वीस नंतर बोलतो, लिहिताना मात्र दोन आधी आणि सहा नंतर. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस सहा' अशी वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल, समितीवर गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचं म्हणणं साधं होतं की पोराला बोलणं आणि लिहिणं एकाच दिशेने जाऊदे. (मला स्वतःला तेवीस, चोवीस, पंचवीस हे शब्द सोडवणार नाहीत, पण त्यांचा मुद्दा खोटा नव्हता.) तर मी ही थिअरी मनात घट्ट करून बसलो आणि घरी जाऊन बायकोला पण ऐकवली. ती म्हणाली, पोरांना विचारलंस का?

विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौदातल्या एका मुलीला फळ्याशी बोलावलं. अगदी व्यवस्थित वही असणारी मुलगी, आखून रेघोट्या मारणारी. तिने २६ चा भागाकार बिनचूक केला, बाकी आली ०, १, ०, १, १, आणि तिने ती वरून खाली वाचून लिहिली. मी म्हटलं, अगं खालून वर वाचायचं ना? ती म्हणाली, "सर, पण आपण तर सगळंच वरून खाली वाचतो. आणि परवा तसंच लिहिलं होतं, तुम्ही बरोबर दिलंत." मी तिची परवाची वही मागितली. ४५ चं उत्तर होतं १०११०१. बरोबरच होतं. मग डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ लाज पण वाटली.

१०११०१ डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच आहे. २७ म्हणजे ११०११, तेही तेच. आणि फळ्यावर मी स्वतः घेतलेली उदाहरणं? ५ म्हणजे १०१, ९ म्हणजे १००१, २१ म्हणजे १०१०१. 'चिमा काय कामाची' सारखं सगळं. पाचच्या पाच आकडे मी असे निवडले होते की पोरगं वरून वाचो की खालून, बरोबरच येणार. मुद्दाम नाही हो, हे आकडे माझ्या जुन्या नोट्समध्ये आहेत आणि दिसायला छान दिसतात म्हणून वर्षानुवर्षं तिथेच राहिलेत. म्हणजे पहिल्या टेस्टमध्ये मी जे तपासलं ते फक्त भागाकार येतो का एवढंच, आणि तो त्यांना चौथीपासूनच येत होता.

आता इथे सोपा उपाय असा होता की आकडे बदलायचे, "खालून वर" हे लाल खडूने तीनदा लिहायचं आणि पुढे जायचं. खरं सांगतो, मी तेच करणार होतो. पण त्याच मुलीने विचारलं की सर खालूनच का? आणि मी तोंड उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरांच्या भाषेत सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. सूत्र लिहून दाखवता आलं असतं, पण त्यातलं तिला काही कळलं नसतं आणि तिने मान डोलवली असती, मान डोलवण्यात आमची पोरं पटाईत आहेत.

म्हणून एक पाऊल मागे गेलो आणि दशमानाबद्दलच विचारलं. ३४५ मधल्या ४ ची किंमत किती? बरेच जण म्हणाले चार. मग एकाने आठवून सांगितलं, दर्शनी किंमत चार, स्थानिक किंमत चाळीस. बरोबर, तिसरीत शिकलेलं. पण चाळीसच का, असं विचारलं तर "कारण ते दशक स्थानी आहे." दशक स्थान म्हणजे काय? "एकक, दशक, शतक मधलं." गोल फिरून तिथेच. दहा सुट्ट्यांचा एक गठ्ठा बांधला म्हणून दशक, असले दहा गठ्ठे झाले की शतक, ही गठ्ठा बांधायची गोष्ट कुणाच्याच तोंडून आली नाही. आणि माझं पक्कं मत झालं ते तिथेच, की बायनरीत अडलेलं पोरगं बायनरीत अडलेलं नसतंच मुळी, ते दशमानातच अडलेलं असतं, फक्त दशमान इतकं सवयीचं आहे की ते झाकून जातं. १०१० ला "एक हजार दहा" वाचणारी पोरं दरवर्षी भेटतात, आम्ही त्यांना हसतो आणि "एक शून्य एक शून्य म्हण" असं दटावतो, पण हजार हा शब्दच दहाच्या गठ्ठ्यांचा आहे हे कुणी त्यांना सांगत नाही.

गठ्ठे दाखवायला काय घ्यावं म्हणून विचार करत होतो. काड्यापेटीच्या काड्या, चिंचोके, हे सगळं चालतं, पण अठरा वर्षांच्या पोरांसमोर चिंचोके ठेवले की त्यांना आपला अपमान केल्यासारखं वाटतं. तेव्हा घरी माळ्यावरची मापं आठवली. आजीची धान्य मोजायची मापं. आमच्याकडे पायली चार शेरांची. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. हे मी लहानपणी ऐकलंय, म्हटलंय, आणि पंधरा वर्षं बायनरी शिकवूनसुद्धा माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही की ही तर एकाला एक लागून सात स्थानं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. निळवं १, कोळवं २, चिपटं ४, मापटं ८, शेर १६, अधोली ३२, पायली ६४. पायलीचे पंधरा आणि अधोलीचे सोळा ही म्हण सगळ्यांना माहीत, अधोली म्हणजे काय ते मात्र वर्गात एकालाही माहीत नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो नाहीतर लोक लगेच सुरू होतील. याचा अर्थ आपल्या शेतकऱ्यांना बायनरी येत होतं असा होत नाही. निम्म्या-निम्म्याची मापं जगात बऱ्याच ठिकाणी होती कारण निम्मं करणं सगळ्यात सोपं असतं. नुसत्या ० आणि १ ने कुठलाही आकडा लिहायचा आणि त्यावर बेरीज-गुणाकार करायचे, हे जर्मन गणिती लायब्निझने १७०३ सालच्या लेखात मांडलं, ती वेगळी उडी आहे. मला मापं हवी होती ती पोरांच्या हाताला वजन कळावं म्हणून.

घरात सापडलं एक शेर, एक मापटं, एक चिपटं. पायली शेजारच्या काकूंनी दिली, "परत आणून दे हां" असं तीनदा बजावून. अधोली एका मुलाच्या आजोळाहून आली. कोळवं आणि निळवं कुणाकडेच नव्हतं, ते मी स्टीलच्या वाटीला आणि चहाच्या छोट्या कपाला पाणी ओतून ओतून जमवलं, आत मार्करने रेघ मारली. आणि दहा किलो ज्वारी.

पहिला प्रयोग फसला. दोन चिपटी ओतली तर मापटं भरून वर सांडायला लागलं. पोरं हसली. कारण नंतर कळलं, मी चिपटं शीग लावून भरत होतो आणि मापटं सपाट बघत होतो. आजी विकताना सपाट आणि सुनेच्या माहेरी पाठवताना शिगोशीग भरायची, ते तिला शोभायचं, पण बायनरीत शीग चालत नाही. मग फूटपट्टी फिरवून सगळी मापं सपाट करायचा नियम केला. त्यात शेराला एका बाजूने पोचा आलेला, त्यामुळे तरी थोडी गडबड राहिलीच, पण तोपर्यंत पोरांना हिशोब कळला होता आणि ती म्हणाली सर राहूदे, आपण बरोबर आहे असं धरू.

मग दुकान मांडलं. नियम एकच, प्रत्येक माप दुकानात एकच आहे आणि ते एका गिऱ्हाइकाला एकदाच भरून द्यायचं. गिऱ्हाईक म्हणालं २६ निळवी ज्वारी दे. काय काय भरणार? एका मुलाने लगेच सांगितलं, शेर, मापटं आणि कोळवं. सोळा, आठ, दोन. बरोब्बर. मी फळ्यावर मोठ्या मापापासून छोट्यापर्यंत नावं लिहिली आणि खाली दिलं तर १, नाही दिलं तर ०. शेर १, मापटं १, चिपटं ०, कोळवं १, निळवं ०. ११०१०. भागाकार नाही, बाकी नाही, काही नाही, आणि उत्तर समोर. मग मी ती चौदा जणांची ०१०११ ची टेस्ट काढली आणि म्हटलं हे उत्तर घेऊन दुकानात जा. शेर नाही, मापटं आहे, चिपटं नाही, कोळवं आहे, निळवं आहे. आठ, दोन, एक. अकरा. गिऱ्हाइकाने पैसे दिले सव्वीसचे आणि पिशवीत अकरा. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, गिऱ्हाईक शिव्या देईल." हा त्या धड्यातला सगळ्यात मोलाचा क्षण होता असं माझं मत, कारण उलटं लिहिलं की मार्क जातात याऐवजी उलटं लिहिलं की आकडाच दुसरा होतो, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं.

एका शंकेवर बराच वेळ गेला आणि जाऊ दिला. प्रत्येक माप एकदाच का? दोनदा कोळवं दिलं तर काय बिघडलं? पोरांनीच भांडून उत्तर काढलं की दोनदा कोळवं देण्यापेक्षा एक चिपटं दे ना, तेवढंच होतं. म्हणून २ हा अंक बायनरीत लागतच नाही, दोन झाले की ते वरच्या मापात जातात. दशमानात दहा हा एक अंक नसतो तेही तसंच. आणि सगळी सात मापं एकदाच दिली तर जास्तीत जास्त किती? १२७. आणि एक निळवं वर दिलं तर १२८, म्हणजे सगळं रिकामं करून दोन पायल्या. हातचा पुढे पुढे ढकलत जातो तो कसा, हे यातून फुकटात शिकवून झालं.

आता आलो मूळ प्रश्नावर, खालूनच का. समजा दुकानात सगळी ज्वारी निळव्यांमध्ये मोजून ठेवलीय, २६ निळवी. जोड्या लावा. तेरा कोळवी झाली, सुटं निळवं उरलं शून्य. तेरा कोळव्यांच्या जोड्या, सहा चिपटी, एक कोळवं उरलं. सहा चिपट्यांची तीन मापटी, उरलं काही नाही. तीन मापट्यांचा एक शेर, एक मापटं उरलं. एका शेराची अधोली होत नाही, शेर तसाच उरला. हे दोनने भागणंच आहे, शब्द बदललेत फक्त. पण पहिली बाकी कुणाची? निळव्याची, सगळ्यात छोट्या मापाची. शेवटची बाकी कुणाची? शेराची, सगळ्यात मोठ्या. आणि आपण आकडा लिहितो मोठ्या स्थानापासून. म्हणून शेवटची बाकी आधी. त्या व्यवस्थित वहीवाल्या मुलीने यावर एक युक्ती काढली, बाकीच्या प्रत्येक आकड्यासमोर ती मापाचं नाव लिहायला लागली, मग वरून वाच की खालून, फरकच पडत नाही, नाव बघून जागेवर बसवायचं. मी गेल्या पंधरा वर्षांत बाण काढायला सांगत होतो. तिची युक्ती जास्त चांगली आहे.

आणि ज्या दोघांनी १०१० लिहिलं होतं त्यांचाही उलगडा इथेच झाला. ते भागाकारात १ आला की थांबले, म्हणाले एकाला दोनने भाग जात नाही, संपलं. म्हणजे शेवटची बाकी लिहिलीच नाही. दुकानाच्या भाषेत सांगितलं, बाबांनो तुम्ही शेर दुकानातच विसरलात, सोळा निळवी ज्वारी गेली. पुन्हा चुकले नाहीत.

एका मुलाने मात्र असा प्रश्न टाकला की माझी तयारी नव्हती. सर, शेर म्हणजे एक धरला तर मापटं अर्धा, चिपटं पाव, मग शेराचा दहावा हिस्सा कसा मोजून द्यायचा? आम्ही मोजायला बसलो. निळवं म्हणजे शेराचा सोळावा भाग, ०.०६२५. त्यात अर्धं निळवं घातलं, ०.०९३७५. अजून कमीच. पाव निळवं घातलं तर ०.१ च्या वर जातं. आठवा हिस्सा, तोही जास्त. सोळावा हिस्सा घातला, ०.०९७६५६२५. असं करत करत कितीही बारीक गेलो तरी नेमका दहावा हिस्सा हाती लागत नाही, निम्मं करत करत दहावा भाग कधीच येत नाही. पाव, अर्धा, पाऊण, अदपाव, छटाक हे सगळं नेमकं येतं, एक दशांश येत नाही. मग मी लॅपटॉप उघडून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ०.१ अधिक ०.२ करून दाखवलं, उत्तर आलं ०.३०००००००००००००००४. पोरांचे डोळे विस्फारले, एक म्हणाला कॉम्प्युटर बिघडला. बिघडला नाही, त्याच्याकडे पण आजीचीच मापं आहेत आणि ती पण ठरावीक संख्येतच.

अष्टमान मी एरवी दहा मिनिटात संपवतो, यंदाही फार ताणलं नाही, पण एक गंमत झाली. तीन बिटांचा (बिट म्हणजे बायनरीतला एक ० किंवा १) एक ऑक्टल अंक का, हे सांगताना शाळेतली वृत्तं आठवली. लघु आणि गुरू, दोनच गोष्टी, आणि त्या तीन-तीन घेतल्या की गण. गण आठच का? य म त र ज भ न स, नववा का नाही? मराठीच्या बाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठच होणार. लघु शून्य आणि गुरू एक धरला तर न गण ०००, म गण १११, र गण १०१, य गण ०११. लिनक्समध्ये फाईल कुणी वाचायची-बदलायची ते ठरवणारी जी ७५५ परमिशन देतात ती १११ १०१ १०१, म्हणजे म र र. भुजंगप्रयातात चार य, म्हणजे ऑक्टलमध्ये ३३३३. उपयोग शून्य, पण दोन मुली त्या दिवशी घरी जाताना "यमाताराजभानसलगं" घोकत गेल्या आणि त्यांना आठही ऑक्टल अंकांचे बिट आता न बघता येतात.

ऑक्टलचा खरा दणका नंतर बसला. एकाने सी या प्रोग्रॅमिंग भाषेत वर्गाचे रोल नंबर ॲरेमध्ये (यादीत) टाकले, छान दिसावं म्हणून दोन अंकी, ०१, ०२, ०३ असे. ०७ पर्यंत गेलं. ०८ ला कंपायलर बोंबलला. पोरगं अर्धा तास अर्धविराम शोधत होतं. सी मध्ये आकड्याच्या आधी शून्य आलं की तो ऑक्टल समजतात, आणि ऑक्टलमध्ये ८ हा अंकच नाही. त्याहून वाईट म्हणजे ०१० ला एरर येत नाही, तो गुपचूप ८ होतो. दहा नंबरचा मुलगा आठवर.

षोडशमानाला मापं ठेवून दिली आणि रुपया काढला. जुना रुपया, सोळा आण्यांचा, १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. "सोळा आणे खरं" हे पोरं म्हणतात, पण सोळाच का ते माहीत नाही, चाराण्याचं नाणं २०११ मध्ये बंद झालं तेव्हा ती तीन-चार वर्षांची. ३ रुपये ११ आणे म्हणजे किती आणे? तीन सोळे अठ्ठेचाळीस आणि अकरा, एकोणसाठ. आता "रुपये" आणि "आणे" हे शब्द पुसून टाका आणि नुसतं लिहा ३११. हे ३ रुपये ११ आणे आहे की ३१ रुपये १ आणा? सांगताच येत नाही. म्हणून अकराला एकच चिन्ह पाहिजे, एकाच घरात मावणारं. कुणीतरी बी ठेवलं. ३बी. दरवर्षी "गणितात ए बी सी कुठून आलं, हे एक्स वाय सारखं आहे का" हा प्रश्न यायचा आणि मी म्हणायचो की पाठ करा. यंदा आलाच नाही. फक्त १९ नंतर काय, याला अर्धा वर्ग अजूनही २० म्हणतो. एक रुपया नऊ आणे, त्याच्या पुढे एक आणा टाकला तर? एक रुपया दहा आणे, १ए. ते मात्र तोंडावर बसायला दोन दिवस लागले आणि अजून पूर्ण बसलं नाही.

सोळाच का, आठ का नाही हेही थोडक्यात सांगितलं. पूर्वीच्या पीडीपी-८ सारख्या १२ बिटांच्या मशीनला ऑक्टल शोभायचं, चार अंकात बरोबर बसायचं. १९६४ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/३६० ने आठ बिटांचा बाइट रूढ केला, आठाला तीनने भाग जात नाही, चारने जातो. चार बिट म्हणजे एक हेक्स अंक, दोन अंकात एक बाइट. झालं.

शेवटचा सराव म्हणून प्रत्येकाने आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराचा युनिकोड (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला नंबर) काढायचा आणि पायथनच्या सीएचआर फंक्शनने ते अक्षर छापायचं. देवनागरीचा पट्टा हेक्स ०९०० पासून ०९७एफ पर्यंत. अ ०९०५ ला, क ०९१५ ला, म ०९२ई ला. म वाल्यांना काही त्रास झाला नाही, ई दिसतोय म्हटल्यावर हेक्स आहे हे कळतंच. क वाला मुलगा अडकला. त्याने थेट ९१५ टाकलं आणि स्क्रीनवर आलं उलट्या एल सारखं काहीतरी. म्हणाला सर माझ्या नावाचं पहिलं अक्षर हे नाही. ते ग्रीक गॅमा होतं. त्याच्या ९१५ मध्ये एकही अक्षर नाही, त्यामुळे दिसायला ते सरळ नऊशे पंधराच, आणि दशमान ९१५ वर गॅमाच बसलाय. मी काही बोललो नाही, बघत बसलो. त्याने वहीवर २५६, १६, १ अशी तीन घरं आखली, नऊ गुणिले २५६ म्हणजे २३०४, एक सोळा, पाच सुटे, २३२५. टाकलं, क आला. नंतर मी त्याला सांगितलं की आधी शून्य-एक्स ही हेक्सची खूण लावून तसंच ९१५ टाकलं असतं तरी चाललं असतं, तर तो जरा रागावलाच.

अकराव्या दिवशी परत टेस्ट घेतली. २६, ४४, ५० आणि १००. एकतीसपैकी सत्तावीस जणांचं सगळं बरोबर. तिघांची वजाबाकी चुकली, म्हणजे मापं बरोबर लावली पण ४४ मधून ३२ गेले की किती हे चुकलं. एकाने अजूनही पान कोरं सोडलं, त्याच्याशी मला वेगळं बसावं लागणार आहे, त्याची अडचण बायनरीची नाही असं वाटतंय, तो पेपर बघितला की गोठतो.

वेळ मात्र गेला, ते लपवत नाही. सात दिवस जास्त लागले आणि नेटवर्किंगचा धडा अजून सुरू व्हायचाय, दोन पालकांचे फोनही येऊन गेले की अजून आकडेच चाललेत का. पुढच्या बॅचला मापांपासूनच सुरुवात करणार आणि भागाकार सगळ्यात शेवटी, मग पाच-सहा दिवसात होईल असा अंदाज आहे.

वहीवाल्या मुलीला मी गंमत म्हणून घरी करायला दिलं होतं की ६३ पर्यंत असे दोन्हीकडून सारखे वाचता येणारे आकडे शोध, म्हणजे मला नोट्समधून काढून टाकता येतील. तिने यादी आणली, चौदा निघाले. १, ३, ५, ७, ९, १५, १७, २१, २७, ३१, ३३, ४५, ५१, ६३. खाली तिने पेन्सिलने लिहिलं होतं, सर्व विषम. का, ते मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं, सुरुवात १ ने होते ना सर, मग शेवट पण १ नेच होणार, म्हणजे निळवं असणारच. मग थोडं थांबून म्हणाली, "सर, पहिल्या दिवशी तुम्ही एक जरी सम आकडा दिला असता ना, तर आम्ही लगेच सापडलो असतो."